ठिपक्यांतली वाट

"तुझी झाडं तपकिरी का आहेत?" चैतालीनं विचारलं.

मी तोंडावरचं बोट काढलं नाही. नियम माझाच होता. ज्याचा गेम खेळला जातोय त्यानं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसायचं, पहिलीतल्या पोरासारखं. खेळणारे अडखळोत, चुकीचं बटण दाबोत, नावं ठेवोत, बनवणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. आणि खेळणाऱ्यानं 'छान' म्हणायचं नाही. जो 'छान' म्हणेल त्यानं दोन जिने उतरून चहा आणायचा. 'छान'नं कुणाचा गेम सुधारत नाही, हे मीच त्या दोघांना ऐकवलं होतं, तेही चांगलं टेबलावर हात आपटून.

तो तोंडावर बोट ठेवायचा नियम मी का काढला, तेही सांगून टाकतो. माझा राग. कुणी माझ्या गेमला काही बोललं की मी मध्येच तोंड घालायचो आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचो नाही. तेव्हा मीच म्हटलं, माझं तोंड बंद ठेवायची काहीतरी सोय करू या.

भुसावळला जामनेर रोडवर बोंडे सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. रविवारी बंद असायचा. चैताली फालक तिथं शिकवायची, म्हणून किल्ली तिच्याकडे. दर रविवारी सकाळी दहाला आम्ही तिघं जमायचो. ती, मी आणि मुबारक तडवी. तडवी यावलकडचा, स्टेशनसमोर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. तिघांनाही गेम बनवायचं वेड, आणि तिघांच्याही घरी हा रिकामटेकडेपणाच समजला जायचा. एकानं बनवायचं, दोघांनी खेळायचं आणि मग काय चुकलंय ते सांगायचं, एवढाच आमचा कार्यक्रम.

मी तेव्हा बावीसचा. पप्पा रेल्वेत ड्रायव्हर. लोको पायलट म्हणायचं असतं, पण आमच्याकडे ड्रायव्हरच म्हणतात. मीही चार वर्षं घासून असिस्टंट ड्रायव्हरच्या परीक्षा पास झालो होतो. आता फक्त मेडिकल राहिलं होतं, एकोणीस तारखेला. गुरुवारी पत्र आलं होतं, शुक्रवारी आईनं गल्लीत पेढे वाटले होते आणि रविवारी, चार तारखेला, मी हा गेम घेऊन बसलो होतो. मेडिकल म्हणजे उंची, वजन, छाती. त्यात मला कसली भीती?

गेमचं नाव 'रान'. एक वनरक्षक सातपुड्यात रस्ता चुकतो आणि पिकलेली फळं खात, कच्ची टाळत बाहेर पडतो. आधीचे माझे गेम सगळे काळ्यापांढऱ्या रेषांचे. हा पहिलाच, ज्यात मी रंग भरले होते. आठ महिने लागले. एकशे चाळीस झाडं मी एकेक करून काढली होती.

"उन्हाळ्यातलं रान आहे ना ते," तडवी म्हणाला. "सागाची पानं वाळली की असंच होतं. आमच्याकडं येऊन पाहा."

"मग बुंधे हिरवे का आहेत?" चैताली म्हणाली.

"शेवाळ असेल."

"उन्हाळ्यात?"

 चैतालीनं वनरक्षकाला दोन पावलं पुढं नेलं आणि थांबवलं. "अजून एक. पिकलेली फळं कुठली अन् कच्ची कुठली, कळत नाही. सगळी एकाच रंगाची आहेत."

आता मात्र मी बोट काढलं. "पिकलेली मोठी आहेत. डोळे आहेत ना तुला?"

"मोठी आहेत, हो. पण रंग?"

"झाडं हिरवी, बुंधे तपकिरी, फळं लाल. पहिलीच्या पोराला कळतं."

तिनं वळून माझ्याकडं पाहिलं. मग स्क्रीनवर एका पानावर बोट ठेवलं. "हे हिरवं आहे?"

"मग काय जांभळं आहे?"

तडवी हसला. त्याला वाटलं, मी मस्करी करतोय. चैताली हसली नाही. ती माझ्याकडं बघतच राहिली, आणि त्या बघण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी तिला सोडलं नाही. म्हटलं, तुझ्या एकातरी गेममध्ये धड झाड आहे का? चौकोन अन् गोल सरकवतेस आणि आम्हाला चित्रकला शिकवतेस. आठ महिने मी मान मोडून बसलोय आणि तुला उडी दिसत नाही, नदी दिसत नाही, वाघ मागं लागतो ते दिसत नाही. दुसऱ्याच्या कामात खोट काढल्याशिवाय तुला रविवारचं जेवण जात नाही. तडवी मध्ये पडला, "हेम्या, बस कर भो," म्हणाला, पण मी कुठला बस करतोय.

चैतालीनं सगळं ऐकून घेतलं. एरवी ती एकाला दोन ऐकवणारी. त्या दिवशी वहीत काहीतरी लिहिलं, "उडीचा वेग बरोबर आहे," एवढंच म्हणाली आणि कॉम्प्युटर बंद केला. मला वाटलं, जिरवली.

घरी जाऊन मी आईला 'रान' दाखवला. तिला गेममधलं काही कळायचं नाही, पण मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं. तिनं पदराला हात पुसत स्क्रीनकडं पाहिलं. "छान आहे," म्हणाली, आणि भाजी लागेल म्हणून आत गेली. भाजी तर केव्हाच उतरवलेली होती. पण हे मला नंतर आठवलं.

पुढच्या रविवारी चैतालीनं नवा गेम आणला. एका गेमला महिना लावणारी पोरगी. मी म्हटलं, "आठवड्यात केला?"

"छोटा आहे."

"घाईत केलेलं दिसेलच."

"दिसू दे," ती म्हणाली आणि कॉम्प्युटर माझ्याकडं सरकवला. "आधी तू."

स्क्रीनभर ठिपके होते. लहान, मोठे, एकमेकांना चिकटून, सगळा पडदा भरलेला. डाव्या कडेला एक पांढरा ठोकळा. तो उजव्या कडेला न्यायचा. ठिपक्यांतून एक वाट जाते, वाटेबाहेर गेलं की पुन्हा पहिल्यापासून. एवढं सांगून तिनं हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

मी सरळ निघालो. तीन पावलांवर ठोकळा परत डावीकडं. वरून गेलो, परत. खालून गेलो, परत. चार वेळा, पाच वेळा. मी बोलायला लागलो. खेळणाऱ्यानं बोलायचंच असतं ना?

"वाट कुठंय? काढायची विसरलीस वाटतं. काहीतरी खूण पाहिजे की नाही? अंदाजपंचे दाहोदरसे चालायचं का? माणसानं पंधरा वेळा मरायचं आणि सोळाव्यांदा नशिबानं पोचायचं, याला गेम नाही म्हणत चैताली, याला छळ म्हणतात."

तिचं बोट तोंडावर.

"माझ्या झाडांना नावं ठेवतेस अन् स्वतः काय आणलंस तर साबुदाणा सांडलेला. लिहून घे. एक, वाट नाही. दोन, खूण नाही. तीन, खेळणाऱ्याला मूर्ख समजलंय. चार, गेम मोडका आहे, घरी तपासून आणायला पाहिजे होता."

तिचे डोळे भरून आले होते. मला ते दिसलं आणि खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं, आता कळलं ना, कसं लागतं.

"सरक जरा," तडवी म्हणाला. "मी बघतो."

तो बसला. ठोकळा वर गेला, उजवीकडं गेला, खाली आला, वळसा घालून परत वर आणि थेट उजव्या कडेला. अर्धं मिनिटही लागलं नाही. एकदाही पडला नाही.

"सोपा आहे," तो म्हणाला. "जास्तच सोपा आहे चैताली. पुढचा टप्पा जरा अवघड कर."

मी त्याच्याकडं पाहतच राहिलो. "हिनं शिकवून ठेवलंय तुला."

"नाही रे बाबा. मी आत्ताच पाहून राह्यलो."

"मग कसा गेलास?"

"कसा म्हणजे? हिरव्यावरून."

"कुठल्या हिरव्यावरून?"

तडवीनं कीबोर्डवरचा हात काढला. त्यानं स्क्रीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग चैतालीकडं. मी त्याला ढकलून परत खुर्चीत बसलो. तो जसा वळला होता तसा, आठवून आठवून, वर, उजवीकडं, खाली नेला ठोकळा. निम्म्यात गेलो आणि परत डावीकडं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"हेम्या," तडवी हळूच म्हणाला, "मस्करी करून राह्यला का तू?"

चैतालीनं बोट काढलं. "तो मस्करी करत नाहीये."

मग तिनं सांगितलं. लाल आणि हिरवा हे दोन रंग मला वेगळे दिसत नाहीत. गेल्या रविवारी तिला शंका आली होती. आठवडाभर ती त्यावर वाचत होती, आणि खात्री करायला तिनं हा गेम केला होता. हिरव्या ठिपक्यांची वाट, बाकी सगळे ठिपके तांबडे. पहिलीतलं पोरही चालत जाईल, हे काही ती म्हणाली नाही, पण माझं मीच ऐकलं.

"मेडिकलला रंगांची परीक्षा असते, हेमराज," ती म्हणाली. "ठिपक्यांचीच. त्यात आकडे ओळखायचे असतात. असिस्टंट ड्रायव्हरला त्यातून सूट नाही."

मी कीबोर्ड ढकलला. तो खाली पडून दोन बटणं निखळली. मी काय काय बोललो त्याची यादी देत नाही, पण एक वाक्य सांगायलाच पाहिजे, नाहीतर ही सगळी हकिगत मी माझ्या सोयीनं सांगितली असं होईल. तिच्या वडिलांना रेल्वेनं कामावरून कमी केलं होतं, ती शाळेत असताना. मी म्हटलं, "रेल्वेतून हाकललेल्याची पोरगी तू. तुला माझी नोकरी कशी बघवेल?"

तडवीनं माझा दंड धरला. मी झटकला.

चैतालीनं खाली बसून ती दोन बटणं उचलली. "मी एकट्यात येऊन सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?" ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण रडण्यानं नाही, संतापानं. "गेल्या रविवारी सांगत होते तर काय झालं? तुला नुसतं सांगून काही कळत नाही. हरल्याशिवाय कळत नाही. आठ दिवस आहेत. घरी सांग. पप्पांना मेडिकलवाल्यांकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे."

मी जिना उतरून निघून आलो. तिच्याशी पुढं दीड वर्ष बोललो नाही. हे लिहितानाही लाज वाटते, पण बोललो नाही.

घरी पोचलो तेव्हा पप्पा जेवायला बसले होते. ड्यूटीवरून सकाळीच आले होते. मी चपलाही काढल्या नाहीत. दारातच उभा राहून सगळं ओकलो. चैताली अशी म्हणते, मला रंग दिसत नाहीत म्हणते, तिच्या गेममध्ये मी चालू शकलो नाही, तडवी चालला. मला वाटलं होतं, पप्पा ताटावरून उठतील. कोण म्हणतो, म्हणून ओरडतील. आईच्या हातातली पोळी खाली पडेल.

कुणी दचकलंच नाही.

आईनं पप्पांच्या ताटात पोळी वाढली आणि खाली बघितलं. पप्पांनी ती पोळी संपवली. उठले, हात धुतले, टॉवेलला पुसले. कपाटातून त्यांची कागदपत्रांची फाइल काढली. तिच्या अगदी शेवटच्या कप्प्यातून वहीचा एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर त्यांच्या अक्षरात आकडे होते, एकाखाली एक. बारा. आठ. सहा. एकोणतीस. सत्तावन्न. पाच. तीन. पंधरा. चौऱ्याहत्तर. खाली अजून होते.

"पाठ कर," ते म्हणाले. "याच क्रमानं दाखवतात."

"हे कधी लिहिलंत?"

"तू बारावीला होतास तेव्हा. माझ्या मेडिकलला."

मला हसू आलं की काय आलं कुणास ठाऊक. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"आईला आधी कळलं," पप्पा म्हणाले.

आई बोलायला लागली आणि थांबेचना. बालवाडीत मी गवत चॉकलेटी रंगवून आणलं होतं. तिच्या भावाला, सुधामामाला, असंच आहे. त्यालाही लहानपणी पिकली मिरची ओळखू यायची नाही. म्हणून मग तिनं माझ्या खडूंवर कागद चिकटवले. पान, माती, रक्त, आकाश. मला आठवले ते खडू. मला वाटायचं, हरवू नयेत म्हणून चिकटवलेत. माझे कपडे ती जोड्या लावून ठेवायची. मला वाटायचं, लाडानं. केळी घ्यायला मला कधी पाठवायची नाही. मला वाटायचं, मी निवडून आणत नाही म्हणून.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं?" आई म्हणाली. "चांगला चाललेला पोरगा, उगाच मनाला लावून बसला असता. सुधाला काय झालं? दुकान चालवतोच ना?"

"मामा गाडी चालवत नाही, आई."

माझा आवाज शेजारी गेला असणार. मी भिंतीवर मूठ मारली. बावीस वर्षं माझ्याच घरात मला सोडून सगळ्यांना माहीत. मी परीक्षेचा फॉर्म भरला तेव्हा माहीत. चार वर्षं अभ्यास करत होतो तेव्हा माहीत. पेढे वाटले तेव्हाही माहीत. पप्पा मात्र शांत. त्यांचा तो शांतपणाच मला सहन होत नव्हता.

"ओरडून झालं का?" ते म्हणाले. "आता ऐक. सिग्नलचे दिवे जागेवरून कळतात. वरचा कुठला, मधला कुठला, खालचा कुठला, ठरलेलं असतं. शिवाय एकटा नसतोस. मुख्य ड्रायव्हर सिग्नल पाहून मोठ्यानं म्हणतो, तू मागोमाग म्हणायचं. नोकरी लागू दे एकदा. पुढचं पुढं बघू. मी आहे."

मी पाठ केलं. खोटं कशाला बोलू? नोकरी मलाही हवी होती. पप्पा दाढी करताना विचारायचे, "चौथं?" मी म्हणायचो, "एकोणतीस." जेवताना विचारायचे, "आठवं?" "पंधरा." गुरुवारपर्यंत मला ते पाढ्यासारखं आलं. पप्पा खूश होते. माझ्या पाठीवर थाप मारली त्यांनी. ती थाप मला आवडली, आणि ती आवडली म्हणून अजूनच चीड आली.

शुक्रवारी तडवी आला. त्याच्या हातात दुमडलेले कागद होते. चैतालीनं 'रान' सबंध पुन्हा खेळून पाहिला होता आणि आठ पानं लिहून पाठवली होती. कुठं उडी अडकते, कुठं वाघ फार लवकर येतो, आणि रंग न बदलता पिकलं फळ कसं दाखवता येईल याच्या तीन युक्त्या. ठिपके काढायचे, देठ वाकवायचा, असं काहीतरी तडवी सांगत होता.

"घेऊन जा ते," मी म्हणालो.

"वाच तर एकदा."

"घेऊन जा म्हटलं ना."

तो कागद हातात घेऊन उभा राहिला. त्याचाही चेहरा लाल झाला असेल, मला काय कळणार? "मी चुकलो हेम्या," तो म्हणाला. "मला ती पानं तपकिरी दिसत होती. बुंधे हिरवे दिसत होते. पण तू आठ महिने खपला होता, तुझा मूड जाऊ नये म्हणून मी शेवाळ शोधून दिलं तुला. ती एकटीच बोलली. अन् तू तिलाच तसं बोलला. तिच्या वडिलांवरून." मग कागद खिशात घालून तो निघून गेला. त्या आठ पानांत नेमकं काय काय होतं, मला आजतागायत माहीत नाही.

एकोणीस तारखेला पप्पा सुट्टी टाकून माझ्याबरोबर हॉस्पिटलात आले. रिक्षात एकदा पूर्ण यादी म्हणून घेतली. आत मला एकट्यालाच सोडलं. पप्पा बाहेर कडुनिंबाखालच्या बाकावर बसले.

उंची झाली, वजन झालं, छाती झाली, लांबचं वाचून झालं. मग एका डॉक्टरांनी मला टेबलासमोर बसवलं. पन्नाशीचे, कंटाळलेले. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उघडलं. ठिपके. पहिल्या पानावर बारा होता. तो मलाही दिसला. पप्पा म्हणाले होते, पहिला सगळ्यांनाच दिसतो.

"बारा," मी म्हणालो.

त्यांनी पान उलटलं. दुसरं. आठ. माझ्या जिभेवर होता आठ, तयार. पण पानावर तीन होता. मला तीन दिसत होता. असा तसा नाही, चांगला ठळक तीन. कुणीतरी माझ्यासाठीच काढून ठेवल्यासारखा. आणि माझं डोकं फिरलं. दुसरा काही शब्द नाही त्याला. कुठली सचोटी आठवली नाही, गाडीतली माणसं डोळ्यांपुढं आली नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. मला नुसता संताप आला. खडूंवरच्या चिठ्ठ्यांचा, जोड्या लावलेल्या कपड्यांचा, शेवाळाचा, त्या पिवळ्या कागदाचा. समोर तीन आहे आणि मी आठ का म्हणू?

"तीन," मी म्हणालो.

डॉक्टरांनी प्रथमच मान वर केली. "नीट बघा."

"नीट बघूनच सांगतोय."

त्यांनी पुढचं पान उलटलं. "पाच," मी म्हणालो. पुढचं. "सत्तर." पुढचं. "पस्तीस." ते लिहीत गेले. पुढं काही पानांवर मला नुसतेच ठिपके दिसले, तर मी काही नाही म्हणून सांगितलं. शेवटी त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आधी कधी तपासलं नव्हतं का?"

"घरच्यांना माहीत होतं," मी म्हणालो. "मला सांगितलं नव्हतं."

मी बाहेर आलो. पप्पा बाकावरून उठले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"झालं?"

"झालं."

"चुकलं का काही?"

"पहिलं सोडून सगळं."

त्यांना आधी समजलंच नाही. "विसरलास? मघाशी रिक्षात तर घडाघडा येत होतं."

"विसरलो नाही. आत्ताही येतं. आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न."

मग समजलं. त्यांचा चेहरा आधी उतरला आणि मग ताठ झाला. ते कधी ओरडायचे नाहीत, तेव्हाही ओरडले नाहीत. दात आवळून बोलले. चार वर्षं मी तुला बसवून खायला घातलं. तुझ्या आईनं गल्लीभर पेढे वाटले. आता कुठल्या तोंडानं सांगू? एवढी साधी गोष्ट, दहा-पंधरा आकडे, तेवढे म्हणता आले नाहीत? तुला काय हरिश्चंद्र व्हायचंय? कोण देणार आहे तुला नोकरी, तो गेम देणार आहे का?

आज मी जळगावला एका पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. वाईट चाललेलं नाही. पण त्या दिवशी कडुनिंबाखाली मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की माझी नोकरी गेली, मीच घालवली, आणि समोरचा माणूस माझ्यावर चिडलाय.

"पप्पा, एक सांगा," मी म्हणालो.

"काय?"

"तुमच्या गाडीवर. तुम्ही ड्रायव्हर, मागं भरलेले डबे. शेजारच्या सीटवर असिस्टंट म्हणून मला घेतलं असतं तुम्ही?"

 काहीतरी बोलणार होते, दिव्यांच्या जागेचं, मोठ्यानं म्हणायचं, तेच पुन्हा. पण बोलले नाहीत. बाकावर बसले. खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, मान पुसली. एक रिक्षा आली, पेशंट उतरवून गेली. मी उभाच होतो. मी हलणार नव्हतो.

"माझ्या गाडीवर?" शेवटी ते म्हणाले. माझ्याकडं बघत नव्हते. "नाही."